अकरा दिवसांची हजेरी

तीर्थस्वरूप वहिनींच्या चरणी साष्टांग नमस्कार. (गुडघे आडमुठे झाल्यापासून साष्टांग नमस्कार मी कागदावरच घालतो. तो आठही अंगांनी घातला आहे असं समजून घ्यावं.)

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून फार बरं वाटलं. आता दोन्ही डोळ्यांनी माझं अक्षर दिसेल, म्हणजे ते बिघडलंय असं म्हणायला तुम्ही मोकळ्या. दादा असता तर म्हणाला असता, 'हिला एका डोळ्यानं दिसत होतं तेवढंच घराला जड जात होतं.' साखर किती आहे ते सूनबाईंना विचारून कळवा. तुम्हाला विचारलं की तुम्ही नेहमी मागच्या वर्षीची सांगता. माझी प्रकृती उत्तम. खोकला आहे, पण तो जुना आणि ओळखीचा आहे.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावता आणि घरातले सगळे ऐकत बसतात, म्हणून. जे लिहायचंय ते एका माणसानं एका माणसाला सांगण्यासारखं आहे. शिवाय चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवले, त्यामुळे कागद हातात असला की मला धीर येतो.

आमचं ते फोनवरचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहेच. 'रिकामटेकडे'. (नाव मी सुचवलं नाही, पण विरोधही केला नाही.) गेल्या खेपेला तुम्ही मला म्हणालात, 'भावजी, त्या त्रेचाळीस जणांपैकी एक तरी तुमच्या ताटात वाढायला येणार आहे का?' मी तोऱ्यात उत्तर दिलं होतं, 'वहिनी, वाढायला कुणी येणार नाही, पण मी मेलो तर दहाच्या आत कळेल.' हे वाक्य तुम्ही विसरला असाल तर विसरलेलंच राहू द्या. आठवत असेल तर पुढचं वाचा.

मंडळाचा नियम साधा. सगळे साठीच्या पुढचे, बहुतेक एकटे राहणारे, वेगवेगळ्या गावांत विखुरलेले. रोज सकाळी प्रत्येकानं एक शब्द लिहायचा: 'हजर'. हजेरी घेणारे एक निवृत्त कंडक्टर. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस भरले की ते 'डबल बेल, चला!' असं लिहीत आणि दिवस सुरू होई. दहापर्यंत कुणाचा 'हजर' आला नाही तर कंडक्टर फोन करणार, आणि फोन उचलला नाही तर जवळ राहणारा सभासद दारात जाऊन उभा राहणार. थट्टा नव्हे, मागच्या वर्षी आमच्या एक आचारीणबाई मोरीत पडल्या होत्या. पाय मोडून पहाटेपासून तशाच पडून. त्यांना साडेअकराला बाहेर काढलं ते या एका शब्दाच्या जोरावर. (बाई शुद्धीवर येताच पहिलं काय म्हणाल्या असतील? 'माझी हजेरी लावा.')

'हजर' या शब्दावर माझं प्रेम जुनं. चौथीत मी रोज तीन मुलांचं 'हजर' म्हणत असे: एक नाकातून, एक घशातून, एक माझं स्वतःचं. गुरुजी वहीतून मान वर काढत नसत. खिडकीतून ऊन त्यांच्या टोपीवर पडलेलं, बाकावर शाईचे डाग, आणि कोपऱ्यातल्या फळ्यावर कालची अर्धी कविता पुसायची राहिलेली. त्या अर्ध्या कवितेत मी अजून राहतो असं दादा म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

हजेरी झाली की दिवसभर मंडळात कुतूहलं चालत. माणूस म्हातारा झाला की त्याला पोरांसारखे प्रश्न पडतात आणि घरात ते विचारायची सोय नसते. मासे पाणी पितात का? वाचत असतो नेमक्या त्याच ओळीवर मांजर येऊन का बसतं? जांभई एकाची दुसऱ्याला का लागते? (या प्रश्नानंतर अर्धा तास कुणाचं उत्तर आलं नाही, सगळे जांभया देत होते.) उत्तरं देण्यात दोघं पटाईत. एक निवृत्त नर्सबाई, ज्या दोन शब्दांत उत्तर देऊन विषय संपवीत. दुसरे आमचे घड्याळजी, ज्यांना विषय संपवणं हा माणसाचा अपमान वाटे. घड्याळदुरुस्तीचं दुकान पन्नास वर्षं चालवलेला माणूस, पण हजेरी लावण्यात सगळ्यांत शेवटचा. कधी आठ-वीस, कधी नऊ-पाच. कंडक्टर वैतागून लिहीत, 'घड्याळजी, गाडी तुमच्यासाठी थांबलीय.' हे उत्तर देणार, 'जगभराची वेळ जुळवून दमलोय, माझी आता तुम्ही बघा.'

आता माझा गुन्हा सांगतो.

सकाळी उठलो की मी थोडा वेळ खिडकीशी बसतो. मनात एखादी शाळेतली ओळ येते, तिच्यामागून दुसरी येत नाही, आणि मी तिची वाट बघत बसतो. त्या नादात तीनदा माझी हजेरी राहिली. तिन्ही वेळा कंडक्टरांचा फोन: 'कविराज, जिवंत आहात ना?' (कविराज म्हणजे मी. आयुष्यात एक कविता लिहिली नाही, पण दुसऱ्यांच्या अर्ध्या म्हणत फिरतो म्हणून हे नाव.) तिसऱ्या वेळी फोन आला तेव्हा ती दुसरी ओळ अगदी ओठावर आली होती. ती गेली ती गेलीच. रागारागानं मी मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, 'बाबा रे, रोज सात वाजता याला आपणहून एक शब्द पाठवता येईल का?' तो म्हणाला, 'येईल की! लॉक लावू नका आणि चार्जरला लावून ठेवा. तुम्ही घरात नसलात तरी जाईल.'

तुम्ही घरात नसलात तरी. वहिनी, त्याच्या तोंडून केवढं खरं निघून गेलं हे त्याला कळलं नाही आणि मलाही नाही.

आणि मी काय करावं? गप्प बसावं की नाही? पण मी उंटावरचा शहाणा. मंडळात ती युक्ती पायरीपायरीनं लिहून टाकली, फोटोंसकट. सगळ्यांनी वाहवा केली. एकानं लिहिलं, 'कविराज, तुम्ही आमची सकाळ आम्हाला परत दिलीत.' आठवड्याभरात सातच्या ठोक्याला 'हजर'चा पाऊस पडू लागला. घड्याळजीसुद्धा सातला! सात-एकला कंडक्टरांची डबल बेल. मंडळ स्थापन झाल्यापासून एवढी हजेरी कधी भरली नव्हती. दोन महिने रोज त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. कंडक्टरांनी आनंदानं लिहिलं की एवढी भरलेली गाडी त्यांनी नोकरीतही हाकली नव्हती.

मग कवितेवरून भांडण झालं. एका सोमवारी मी सगळ्यांना विचारलं, चौथीच्या पुस्तकातली ही कविता कुणाला आठवते का:

डोंगराच्या पाठीवरती ऊन बसले येऊन,
सांज आली पाठोपाठ दिवा हाती घेऊन.

घड्याळजींनी लगेच लिहिलं, 'दिवा नाही. "झोप डोळां घेऊन" असं आहे.' मी लिहिलं, दिवा. ते म्हणाले, झोप. मी म्हणालो, झोप सांजेला येत नसते, रात्री येते. ते म्हणाले, तुमचं लग्न उशिरा झालं म्हणून तुम्हाला तसं वाटतं. (यात काय संबंध होता ते मला अजून कळलेलं नाही, पण बायका हसल्या.) मंगळवारी दुपारपर्यंत हे चाललं, आणि शेवटी मी चारचौघांत लिहिलं, 'आपण घड्याळंच दुरुस्त करावीत. कवितेला काटे नसतात.' वाक्य मला फार आवडलं. लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि चहा केला.

घड्याळजी काही बोलले नाहीत. बुधवारी सकाळी सातला 'हजर'. दिवसभर गप्प. गुरुवारी 'हजर'. गप्प. जांभई, मासे, मांजर कशावरही चकार शब्द नाही. मी मनात म्हटलं, रुसलाय! रुसू दे. नुसता रुसू दिला असता तर आज हे पत्र एवढं लांबलं नसतं. मी टोमणे मारायला लागलो. शुक्रवारी लिहिलं, 'काही लोकांचं मौन फार बोलकं असतं.' दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर: 'हजर.' शनिवारी लिहिलं, 'हार मान्य करायला एक शब्द पुरेसा असतो.' उत्तर: 'हजर.' मला वाटलं, काय ताठा आहे! एका शब्दात माणूस माझी सगळी वाक्यं परत करतोय. खरं सांगायचं तर मला आदरही वाटला. भांडावं तर असं, रोज सात वाजता आणि आवाज न चढवता.

दहाव्या दिवशी माझंच मन खायला लागलं. एवढ्या जुन्या स्नेह्याशी एका ओळीसाठी अबोला! संध्याकाळी बसून मी लांबलचक माफी लिहिली. शाळा, गुरुजी, ऊन, डोंगर सगळं त्यात घातलं, आणि शेवटी लिहिलं, 'दिवा असो की झोप, सांज तुमचीही आहे आणि माझीही. माफ केलंत असं एका शब्दात कळवा.'

सकाळी सात वाजता शब्द आला.

वहिनी, मंडळात आनंदीआनंद झाला. चौदा जणांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. आचारीणबाईंनी लिहिलं, 'भांडावं तर असं आणि मिटवावं तर असं.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. कंडक्टरांनी त्या दिवशी डबल बेलच्या जागी तिबल बेल दिली, जी म्हणे कुठल्याच गाडीत नसते.

संशय आला तो एकट्या नर्सबाईंना. त्यांनी त्या दिवशीचं कुतूहल मुद्दाम घड्याळजींना उद्देशून टाकलं: जाहिरातीतल्या सगळ्या घड्याळांत दहा वाजून दहाच मिनिटं का झालेली असतात? म्हणजे भुकेल्यापुढे ताट ठेवल्यासारखंच ते. या प्रश्नावर घड्याळजी तीन दिवस बोलले असते, ते रुसलेले असते तरी बोलले असते. दुपार झाली, चार वाजले, काही नाही. नर्सबाईंनी फोन केला. वाजत राहिला. मग त्यांनी कंडक्टरांना सांगितलं, 'त्यांच्या गावात तुम्हीच राहता. जा. आणि कुलूप उघडणाऱ्याला बरोबर न्या.' कंडक्टर म्हणाले, 'अहो, आज सकाळी तर हजेरी लावलीय त्यांनी!' बाई म्हणाल्या, 'कधीतरी सात-एकला लागली का हो? सात-दोनला? जिवंत माणूस इतका वेळेवर नसतो.'

घड्याळजी एका रंगाच्या दुकानाच्या वर राहत होते. दुकानदाराला वाटलं गावाला गेले असतील. दुकानातल्या वासापुढे दुसरा कुठला वास त्याच्या नाकाला लागणार? पेपर त्यांनी केव्हाच बंद केलेला, फोनवर वाचता येतो म्हणून. दूध पावडरीचं. डॉक्टरांनी हिशेब केला तो मंगळवार संध्याकाळचा. म्हणजे मी 'कवितेला काटे नसतात' लिहून चहा करत होतो त्यानंतर थोड्याच वेळानं.

अकरा दिवस, वहिनी. अकरा दिवस आम्ही त्रेचाळीस होतो. म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी त्या माणसाला अशी खोड शिकवली की ती मेल्यावरही गेली नाही.

कंडक्टरांनी मला एकट्याला नंतर तिथूनच फोन केला. घड्याळजी खुर्चीत होते म्हणाले, टेबलाशी. माळ्यावरची ट्रंक खाली काढलेली, तिच्यातली पुस्तकं जमिनीवर पसरलेली, आणि पुढ्यात चौथीचं पुस्तक उघडं. मी विचारलं, 'काय आहे हो त्यात? दिवा की झोप?' (असं विचारलं मी. माणूस मेल्याची बातमी ऐकून माझ्या तोंडून पहिलं हे निघालं. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू नका.) कंडक्टरांनी ते पान वाचून दाखवलं:

सांज आली पाठोपाठ काठी हाती घेऊन.

काठी. दिवा नाही आणि झोपही नाही. फोन शेजारी चार्जरला लावलेला, आणि त्यात माझ्या नावानं लिहायला घेतलेलं, न पाठवलेलं: 'कविराज, आपण दोघंही'. एवढंच. पुढे काही नाही.

मी नर्सबाईंना फोन करून विचारलं की ती ट्रंक जड होती का, माळ्यावरून उतरवताना घड्याळजींच्या छातीवर ताण आला असेल का, मी 'दिवा' धरून बसलो नसतो तर. त्या म्हणाल्या, 'कविराज, त्या वयात हृदयाला थांबायला ट्रंकेची गरज नसते.' मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. त्यांना दोन शब्दांत विषय संपवायची सवय आहे, पण हा काही संपला नाही.

आता यानंतरचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी कंडक्टरांनी सगळ्यांना कळवलं. पावणेसातपासून श्रद्धांजल्या सुरू झाल्या. हळवा माणूस, हजरजबाबी माणूस, मंडळाचं घड्याळ थांबलं वगैरे. माझीही लांबलचक तयार होत होती. तेवढ्यात सात वाजले. घड्याळजींचा फोन त्यांच्या टेबलावर तसाच चार्जरला राहिला होता, तो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. श्रद्धांजल्यांच्या मधोमध, सगळ्यांच्या शब्दांबरोबर त्यांचाही शब्द आला: 'हजर.' आणि खाली सवयीनं कुणीतरी अंगठा दिला.

मग कंडक्टरांनी हुकूम काढला: उद्यापासून 'हजर' बंद. प्रत्येकानं सकाळी काय खाल्लं ते लिहायचं, रोज वेगळं, स्वतःच्या हातानं. दुसऱ्या दिवशी सातला तीन फोनांनी आपणहून पाठवलेले 'हजर' सोडले तर एकही शब्द आला नाही. हातानं लिहिलेला पहिला आला तो आठ वाजून चाळीस मिनिटांनी: 'कालचा पाव.' मग हळूहळू: 'दोन गोळ्या आणि चहा.' 'काही नाही, भूक नाही.' 'तुम्ही विचारलंत म्हणून आता करते.' गेले दोन महिने आम्ही सगळे जेवढे छान हजर होतो ना, तेवढ्यात एवढी उपाशी माणसं होती हे कुणालाच कळलं नव्हतं. दुपारपर्यंत एकोणचाळीस भरले. बाकीच्यांत एक बाई लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या आणि फोन घरीच विसरून गेल्या होत्या. तो बिचारा त्यांच्या रिकाम्या घरातून दीड महिना हजेरी लावत होता. एकांना तर मंडळ आवडेनासं झालं होतं, पण युक्ती कशी बंद करायची ते माहीत नसल्यामुळे ते हजर राहत होते.

राहिले एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्या फोनवरून अजून रोज सकाळी सात वाजता 'हजर' येतो. उचलत कुणी नाही. त्यांचा पत्ता मंडळात कुणाकडेच नाही. आयुष्यभर जगाचे पत्ते वाचले आणि स्वतःचा कुणाला दिला नाही. कंडक्टर तीन गावांच्या पोस्टांत विचारून आले. आज सकाळीही सात वाजता तो शब्द आला, वहिनी. मी फोन हातात धरून बसलो होतो. आता मला ती ओळ वगैरे काही आठवत नाही, मी नुसता सात वाजायची वाट बघतो. आला की वाईट वाटतं. न येण्याचीही भीती वाटते.

माझ्या फोनवरची युक्ती मी दुरुस्तीवाल्याकडून काढून टाकली. तो म्हणाला, 'का आजोबा, बिघडली का?' मी म्हणालो, नाही, फार छान चालते.

असो. पत्र फार लांबलं. थोरल्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि सूनबाईंना सांगा की मागच्या वेळी त्यांनी दिलेलं स्वेटर मी घालतो. (कोपराला जरा घट्ट होतं. सांगू नका.) डोळ्यात थेंब वेळेवर घाला, आणि या पत्रावर रडू नका. डॉक्टरांनी डोळा महिनाभर कोरडा ठेवायला सांगितला आहे.

तुमचा,
दीर

ता. क. मागच्या खोलीत येऊन राहा, असं तुम्ही दोन वर्षं म्हणताय. त्यावर माझा नकार कायम आहे. या पत्राचा कुणी भलता अर्थ काढू नये. मी इथे सुखात आहे.

ता. क. दुसरा. एक काम होतं. रोज सकाळी मला फोन करता येईल का? 'कसे आहात' विचारू नका, त्याचं 'उत्तम' हे उत्तर मला झोपेतही देता येतं. काहीतरी अवघड विचारा, किंवा भांडा. तुम्हाला ते जमेल.

ता. क. तिसरा. पाकिटात पुठ्ठ्याला चिकटवून किल्ली पाठवली आहे. (पुठ्ठा चांगला चिकटवलाय, सुरीनं सोडवा, नखानं नाही.) कडी वरची मी आता लावत नाही. किल्ली डावीकडे दोनदा फिरवायची, दार जरा खांद्यानं ढकलायचं.

ता. क. चौथा. पण आधी बेल वाजवा. आणि थांबा. मला खुर्चीतून उठून दारापर्यंत यायला चांगली पाच मिनिटं लागतात, मध्ये भिंत धरावी लागते. तुम्ही घाईच्या आहात, म्हणून लिहून ठेवतो: पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत मला मेलेला समजायचं नाही.